न दिसणारी पापणी

बदलीच्या नोकरीतून रजा काढून भाऊजींनी डोळ्यांचा दवाखाना थाटला, तेव्हा ताईने मला बजावलं, "रजा संपेपर्यंत पेशंट आले नाहीत तर हे पुन्हा चारशे किलोमीटरवर जातील. वेबसाइट नीट कर."

मी नीट केली. पत्ता, वेळा आणि 'नंबर लावा' हे बटण. भाऊजींनी ती मोतीबिंदू पाहावा तशी पाहिली.

"मेल्यासारखी पडलीये रे. काहीतरी हलू दे!"

मी अक्षरं तरंगत आणली. "आता मोठा डोळा येऊ दे." आणला. "बुबुळ बोटामागे फिरू दे." फिरवलं. "सुरुवातीला पापणी उघडू दे, अगदी खऱ्यासारखी." त्या पापणीने माझे चार रविवार खाल्ले.

पाच आठवड्यांनी ताईचा फोन. "छोट्या, एकही नंबर लागला नाही. ह्यांनी बॅग माळ्यावरून काढलीये."

"माझ्याकडे तर चालतंय," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य श्वासासारखं आपोआप येतं.

तरी दवाखान्यात गेलो. काउंटरपाशी एक आजी फोन हलवत ताईला सांगत होत्या, "डोळा उघडतो छान, पण बटण काही दबत नाही. आठवडाभर दाबलं, शेवटी स्वतःच आले."

मी दाबलं. ढिम्म. मग लख्ख प्रकाश पडला. पापणी उघडल्यावर मी ती काढून टाकली नव्हती, नुसती दिसेनाशी केली होती. ती काचेसारखी अख्ख्या पानावर पसरून प्रत्येक बोट अडवत होती. मला ते कळलं नाही, कारण बटणं मी कीबोर्डवरून तपासतो आणि कीबोर्डला ती काच आडवी येत नाही. माउसला हात लावत नाही, याचा मला वीस वर्षं अभिमान होता.

तिथेच बसून एक ओळ बदलली आणि माझ्या फोनवर अंगठ्याने नंबर लावून पाहिला. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: समोरचं दिसत नाही.

काउंटरवरचा कॉम्प्युटर टिणटिणला. भाऊजी आतून धावत आले. "आला! मी म्हणत नव्हतो, डोळा हलला की माणूस येतो?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात ताईने स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि माझा दंड धरला.

"गप बस तिथे," ती हळूच म्हणाली. "आजी झाल्या की तुझा नंबर."