पान सत्तेचाळीसवरचं ठिगळ

मी विमानांच्या फोटोंचं पुस्तक बोलतोय. पाठ मोडलेली हाय माझी, चार पानं निसटलीत, ब्लाउजच्या इलॅस्टिकनं बांधून शिलाई मशीनवर ठेवलंय मला. आज बुधवार. घरात कुणी बोलत न्हाय, दोघंबी फोनकडं बघत बसलीत. मग मीच बोलतो. मला गप बसणं जमत न्हाय.

जन्म माझा परदेशातला, अक्षरं इंग्रजी. पण ज्या घरात पडलो त्या घरची बोली लागली, त्याला मी काय करू. सात महिने झाले, राई गावात पंढरीनाथच्या घरात हाय. पंढरी मला रोज शिव्या देतो आणि रोज उघडतो.

माझा फोटोवाला येडा माणूस होता. बाकीचे उडत्या विमानाचे फोटो काढायचे. निळं आभाळ, ढग, सगळं चकाचक. हा शिडी, बॅटरी आणि मापाची पट्टी घेऊन विमानाच्या पोटाखाली आडवा व्हायचा. चाकं जिथं आत जातात ती खबदाडं, तेलाचे ओघळ, उडालेला रंग, पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटच्या रांगा. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवायचा, म्हंजे माप कळावं. खाली तारीख आणि विमानाचा नंबर. हातानं छोटी विमानं बनवणाऱ्याला हेच लागतं. आभाळ काय चिकटवता येत न्हाय, चाक चिकटवावं लागतं.

असलं पुस्तक म्हंजे मी. पण एक पान माझं खोटं हाय, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

छापखान्यात एकानं फोटोची एक स्लाइड पालथी ठेवली. पान सत्तेचाळीस. डावं ते उजवं झालं. फोटोत विमानाचं नाक आणि पुढं एक माणूस, नाकावर एक अक्षर न्हाय, पट्टीवरबी नुसत्या रेघा, आकडे न्हाईत, म्हणून कुणाला कळलं न्हाय. अंगावर चुकीचं छापलं की आपल्याला खोडता येत न्हाय. मिटून बसायचं फक्त.

पहिला मालक मोठा साहेब. काचेच्या कपाटात उभं केलं मला, आल्यागेल्याला लांबून दाखवायचा. बावीस वर्षांत एकदाबी उघडलं न्हाय. तो गेला आणि मी भाईंदर पूर्वेला रद्दीत आलो, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात.

तिथं पंढरीनं मला उचललं. साठीचा माणूस, जाड बोटं, चौथी शिकलेला, हातानं छोटी विमानं बनवणारा. उभ्या उभ्या पानं उलटली आणि सत्तेचाळीसवर थांबला. खालच्या विमानाच्या नंबरावर बोट ठेवलं.

रद्दीवाला बोलला, "काका, लेना है तो लो, फोटो बाद में देखना."

"गप रे. माझ्या भावाचं ठिगळ हाय ह्ये."

त्याचं असं होतं. पंढरीचा मोठा भाऊ शिवा जन्मभर विमानांच्या हँगरमध्ये पत्र्याचं काम करायचा. एकदा एका मालवाहू विमानाच्या नाकावर घार आपटली, भोक पडलं. शिवानं तिथं पत्र्याचं ठिगळ मारलं, कोपरे गोल, एक कोपरा जरा तिरका. त्या ठिगळावर ते विमान अकरा वर्षं उडालं. शिवाला दुसरा कसला अभिमान न्हाय, एवढाच हाय.

नऊ वर्षांपूर्वी पंढरीनं तेच विमान बहात्तर पट लहान करून बनवलं, आणि गणपतीत शिवाच्या हातात दिलं. चार लोक बसलेले. शिवानं फिरवून बघितलं आणि बोलला, "माझं ठिगळ कुठंय? ह्ये तर बाजारातलं खेळणं." पंढरीनं ते हिसकावलं आणि तिथंच, आरास केली होती त्याच्यापुढं, जमिनीवर आपटलं. तवापासून दोघांचं बोलणं बंद. पंढरी राईत, शिवा नवघरला, रिक्षानं जाण्याएवढं अंतर, पण नऊ वर्षं.

मला घरी आणल्यावर पंढरीनं परत विमान बनवायला घेतलं. सावकाश चाललेलं. मग मागच्या आठवड्यात सोमवारी शिवाच्या सुनेचा, ममताचा फोन आला.

"काका, बाबांचं बायपास आहे. रविवारी पाच वाजता ॲडमिट व्हायचंय. तुम्हाला कळवू नको म्हणाले, म्हणून कळवतेय."

पंढरीनं फोन ठेवला, मला उघडलं आणि कामाला बसला. सहा दिवस. पोटाखालचे तेलाचे ओघळ माझ्या पान एकोणीसवरून घेतले, चाकाचं खबदाड तेविसावरून. बरोबर, सगळं बरोबर. मला गर्व वाटत होता आणि मी पुढची पानंबी मोजत होतो. कारण शेवटी सत्तेचाळीस येणार होतं.

शनिवारी आलं. बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून त्यानं साबुदाण्याएवढं ठिगळ केलं. कोपरे गोल, एक तिरका. आणि फोटोत बघून बघून, भिंग लावून, नाकाच्या उजव्या बाजूला चिकटवलं. मी पान फडफडवलं, पंखा होता वर. त्यानं माझ्यावर पक्कड ठेवली.

शिवाला ठिगळ न्हाय म्हणून एवढा राग आला होता. ठिगळ उलट्या बाजूला बघून तो काय करेल, ते मला कळत होतं. आणि तेबी ऑपरेशनच्या आधी.

रविवारी दुपारी बाराला पंढरीची बायको सुलू चहा घेऊन आली. सुलू शाळेचे युनिफॉर्म शिवते. विमानातलं तिला काय कळतं, असं पंढरी दहादा बोललाय. तिनं सत्तेचाळीसवर नजर टाकली. विमानाच्या नाकापुढं एक हेल्पर उभा हाय, खिशात पेन.

"ह्यो बाईचा शर्ट घालून आलाय काय?"

"तू जा ना आत."

"न्हाय ओ, बघा. पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर असते. ह्याची उजवी वर हाय. खिसापण उजवीकडं. सगळ्या गावाचे शर्ट शिवलेत मी, उजवीकडं एक खिसा कुणी मागितला न्हाय मला."

पंढरीचा चेहरा पांढरा पडला. मग लाल. फोटो आरशापुढं धरला. आरशात हेल्परचा खिसा डावीकडं गेला, आणि ठिगळबी.

मग त्यानं मला फेकलं. भिंतीवर. माझी पाठ तवाच मोडली. मला दुखलं त्याच्यापेक्षा हलकं जास्त वाटलं.

"फेका, फेका," सुलू बोलली. "मागच्या वेळी विमान फेकलंत, आज पुस्तक. मला कधी फेकताय ते सांगा, म्हंजे मशीन बाजूला करते."

घड्याळात साडेबारा. पंढरीनं ब्लेडनं उजवं ठिगळ खरवडलं, घासलं, रंग मारला. डावीकडं नवीन ठिगळ बसवलं. आता त्याच्यावर रिव्हेट टोचायचे. हात रागानं एवढा हलत होता की सुई टेकत नव्हती. सुलूनं सुई काढून घेतली. बारीक हातशिलाईची सुई. तिनं फोटोत मोजून बावीस टोचे मारले. साडेचारला विमान खोक्यात, मी पिशवीत, मला धरून तिघं रिक्षात. पुस्तक कशाला, सुलूनं विचारलं. पुरावा, पंढरी बोलला.

नवघरला बिल्डिंगखाली गाडी चालू होती. शिवा मागं बसलेला, स्वेटर घालून, तोंड सुकलेलं. पंढरीनं खिडकीतून खोका दिला.

शिवानं चष्मा लावलाच न्हाय. विमान घेतलं, नाकाच्या डाव्या बाजूवर अंगठा फिरवला. अंगठा थांबला. ममता पुढून मागं वळून बघत होती.

"रिव्हेट किती?"

"बावीस."

"चोवीस होते. तिरक्या कोपऱ्यात दोन जास्तीचे मारलेले मी."

पंढरीच्या मानेची शीर फुगली. मला वाटलं, गेलं. नऊ वर्षं परत. त्यानं मला पिशवीतून काढलं आणि सत्तेचाळीस उघडून भावाच्या मांडीवर आपटलं. "ह्यात दिसत न्हाईत. मी काय करू?"

शिवानं आता चष्मा लावला. बघितलं. "फोटो उलटा छापलाय ह्या गाढवांनी. पण तू बरोबर मारलंस. कसं कळलं?"

"हिला कळलं. शर्टावरून."

शिवा हसला, छातीवर हात धरून. पेन मागितलं. माझ्या पान सत्तेचाळीसखाली वाकड्या अक्षरात लिहिलं, 'फोटो उलटा हाय. ठिगळ डावीकडं. रिव्हेट २४. शिवा.' मग विमान परत दिलं.

"सुई तयार ठेव. राहिलेले दोन मी येऊन टोचणार. तू हात लावू नको."

गाडी गेली. काल ऑपरेशन होतं, तवापासून दोघं फोनकडं बघतायत.

माझी एवढीच विनंती हाय, जे असली पुस्तकं छापतात त्यांना. आभाळ दाखवू नका. खबदाडं दाखवा, पट्टी ठेवा, तारीख टाका. आणि फोटोत माणूस असेल तर छापायच्या आधी त्याच्या शर्टाचा खिसा बघा. कुणाचं तरी नऊ वर्षांचं भांडण त्या पानावर अडकलेलं असतं.

माझं म्हणाल तर मी आता चकाचक न्हाय. पण सत्तेचाळीस खरं झालंय. विमान माझ्या शेजारी हाय, बावीस टोच्यांचं. सुई रिळात खोचलेली.

फोन वाजतोय. पंढरी उचलत न्हाय, बघत बसलाय. सुलूनं उचलला, स्पीकरवर टाकला.

"काका, श्वासाची नळी काढली आत्ता. शुद्धीवर आहेत. पण एकच धरून बसलेत, दोन राहिलेत, दोन राहिलेत. डॉक्टर विचारतायत मला. काय राहिलेत दोन?"