करड्या पेटीचं गिऱ्हाईक

“ते नको बाई, ते तुमच्या कामाचं नाही,” अप्पा म्हणाले आणि त्या बाईंनी करड्या पेटीवर ठेवलेला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. अप्पांनी त्यांना हसतमुखाने दुकानाच्या उजव्या बाजूला नेलं. मी स्टुलावर पाय हलवत बसले होते. मनात म्हटलं, झालं, आता चहा येणार.

आलाच.

माझे अप्पा, म्हणजे नागप्पा, नव्या पेठेत सिद्धलिंगप्पा मालकांच्या लाउडस्पीकरच्या दुकानात विक्रीला आहेत. अॅम्प्लिफायरच्या पेट्या, माइक, रेकॉर्ड वाजवायची यंत्रं, आणि छताला टांगलेले मोठाले कर्णे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जाते आणि घरी जायचं नावच काढत नाही, कारण अप्पांना विकताना बघायला मला भयंकर आवडतं. दुकानाला दोन बाजू आहेत. उजवीकडे हौशी लोकांचा माल: पॉलिश केलेल्या लाकडी पेट्या, चकचकीत बटणं, सुरू केलं की लागणारा हिरवा दिवा आणि वर माझ्या आईने विणलेला रुमाल. डावीकडे धंदेवाल्यांचा, म्हणजे लग्नात, उरुसात, सभेत स्पीकर भाड्याने लावणाऱ्यांचा. तिथे नुसत्या करड्या लोखंडी पेट्या. दिवा नाही, रुमाल नाही, कुणी झटकतसुद्धा नाही.

मुंबईहून कंपनीचा माणूस येतो, तोही दोन तऱ्हेचे कागद ठेवून जातो. हौशींच्या कागदावर बंगला, बाग, नटूनथटून बसलेलं कुटुंब आणि मधोमध पेटी. धंदेवाल्यांच्या कागदावर पेटीचा काळपट फोटो आणि खाली आकडेच आकडे.

अप्पांची जीभही तशीच बाजू बदलते. हौशी माणसाला खुर्ची, चहा, एखादी रेकॉर्ड, आणि मग हळूच, “साहेब, मोठमोठे स्पीकरवाले हेच नेतात.” साहेब खूश. हेच वाक्य खऱ्या स्पीकरवाल्याला सांगितलं तर तो हसत पायरी उतरेल. त्याला चहा विचारायचाच नाही. चहा दिसला की त्याला वाटतं, काहीतरी गळ्यात मारतायत. त्याला दोष आधी सांगायचे. ही तापते, उन्हात ठेवू नका. ही वायर काही खरी नाही, बदलून घ्या. मग तो स्वतःच उकिडवा बसून पेटीच्या पाठीत डोकावतो आणि घेऊन जातो.

आणि कोण हौशी, कोण धंदेवाला, हे अप्पा कधीच विचारत नसत. विचारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच ते ओळखायचे. नखांतली काजळी बघायचे, आत शिरणारा आधी वर कर्ण्यांकडे बघतो की समोरच्या दिव्याकडे, ते बघायचे. पेठेत त्यांचं नाव होतं त्यासाठी. वर्गात मी त्याची बढाई मारायची, आणि गेल्या वर्षापासून, म्हणजे वक्तृत्वात ढाल मिळाल्यापासून, जरा जास्तच मारायची.

त्या बाईंच्या हातात भाजीची पिशवी होती, डोक्यावर पदर. अप्पांनी एका नजरेत ठरवलं: घरातलं कार्य, हौशी. रेकॉर्ड लावली, हिरवा दिवा लावला. बाई सगळं गप्प ऐकत होत्या. एकदा मान वळवून त्यांनी करड्या पेटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर हीच द्या. टांग्यात बसताना त्यांनी पेटी मांडीवर घेतली, आणि अप्पा मला म्हणाले, बघितलंस महानंदा, असं विकायचं.

पुढच्या शनिवारी मी डबा घेऊन पोचले तेव्हा तीच पेटी काउंटरवर होती. पॉलिशवर फोड आले होते आणि दुकानभर जळका वास सुटला होता. बाई उभ्या होत्या. अप्पा “काय झालं, काय झालं” करत बटणं फिरवत होते.

झालं होतं ते बाईंनी सांगितलं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या एका यंत्रमागवाल्याच्या मुलीचं लग्न. सकाळपासून चार कर्णे त्या पेटीवर लावलेले. अक्षता पडल्या तोवर ती कशीबशी चालली, आणि आहेर पुकारायला सुरुवात झाली तशी धूर सोडून बंद पडली. आता आमच्याकडे आहेर म्हणजे काय ते सांगायला नको. द्यायचा तो माइकवर नाव पुकारलं जावं म्हणूनच की. अख्ख्या वस्तीला ऐकू गेलं पाहिजे, अमक्यांकडून पातेलं, तमक्यांकडून लुगडं. नवरीच्या एका मामाने तर दिलेली समई परत मागितली. नावच पुकारलं नाही तर दिली कशावरून, असं त्याचं म्हणणं.

“पण चार कर्णे?” अप्पा म्हणाले. “बाई, ही घरात ऐकायची पेटी. हिच्यावर चार कर्णे कुणी लावले?”

“मीच लावले. आमचा धंदाच हाय त्यो.” बाईंचा आवाज चढला नाही. “मी लालबी. इसूफ स्पीकरवाल्याची.”

अप्पांचा हात बटणावरच राहिला. इसूफचाचांना मीसुद्धा ओळखत होते. वर्षानुवर्षं ते डाव्या बाजूला उकिडवे बसून अप्पांशी वाद घालायचे. थंडीत ते वारले, तेव्हा अप्पा मातीला गेले होते. पण त्यांची बायको अप्पांनी कधी पाहिली नव्हती.

“भाबी,” अप्पा म्हणाले, “सांगायचं नाही का ओ त्या दिवशी?”

“काय सांगायचं? ते म्हणायचे, नागप्पा बगताच वळखतो, त्यो देईल ते डोळे झाकून घ्यायचं. तुमी म्हणला, ते माझ्या कामाचं न्हाय. मला वाटलं, मला वळखून म्हणताय.”

अप्पा खाली बसले. गिऱ्हाईक समोर असताना अप्पा बसलेले मी पहिल्यांदा बघितले.

लालबींचं पुढचं लग्न येत्या गुरुवारी होतं, तेही त्याच वस्तीत. इसूफचाचांचं गिऱ्हाईक अजून तुटलं नव्हतं, पण दुसरा एक स्पीकरवाला तिथे घरोघर फिरून सांगत होता, की बाईमाणसाच्या पेट्या अशाच धूर सोडणार. गुरुवारीही आवाज बंद पडला असता तर इसूफचाचांबरोबर त्यांचा धंदाही गेला असता. मालकांनी पेटी परत घ्यायला साफ नकार दिला. घरातल्या वापराची वस्तू मांडवात नेली, कंपनी काय म्हणेल? आणि अप्पांना हळूच म्हणाले, तूच विकलीस ना रे?

ते चार दिवस आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. अप्पा जेवणावरून उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे, आणि कशाला उठलो होतो तेच विसरायचे. रस्त्याने जाणाऱ्याकडे बघून हा कोण असेल असं सांगायची त्यांची सवय, तीही गेली. समोरून कुणी आलं की मान खाली. मलाही अभ्यासात चैन पडेना. शेवटी मी पाटावर बसल्याबसल्या म्हणून टाकलं, की करडी पेटी द्यायलाच पाहिजे आणि मालक देत नसतील तर मी जाऊन बोलते. आई, रत्नम्मा तिचं नाव, घरात कानडीच बोलते. ती म्हणाली, “सुम्नी कुंद्र.” म्हणजे गप्प बस. पण अप्पा माझ्याकडे बघत राहिले.

बुधवारी त्यांनी मालकांना सांगितलं, की करडी पेटी माझ्या जबाबदारीवर लालबींकडे जाऊ द्या, मी बरोबर जातो, आणि गुरुवारची रजा मांडा. मालक म्हणाले, म्हणजे आता माझा विक्रेता मांडवात वायरी ओढणार? अप्पा म्हणाले, व्हय, ओढणार.

गुरुवारी मीही गेले. शाळा बुडवली, आई रागावली, तरी गेले. अप्पा पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दुसरा बाहेरचा शर्टच नव्हता त्यांच्याकडे. आयुष्यभर पेट्या विकल्या, पण मांडवात एकही लावली नव्हती. लालबी सांगतील तसं ते करत होते. शिडी धरा म्हटलं की शिडी, तार सोडा म्हटलं की तार. लालबी पदर खोचून लिंबाच्या झाडावर कर्णा बांधत होत्या आणि खालून बायका खुसखुसत होत्या.

अक्षता पडल्या. पेटी चालू होती. आहेर सुरू होताना नवरदेवाचा चुलता आला आणि म्हणाला, पुकारायला आमचा माणूस देतो, बाईचा आवाज नको. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, ढालवाली ना मी. पण लालबींनी माइक सोडलाच नाही. त्या त्याला म्हणाल्या, “तुमचंच नाव आधी पुकारते की. काय देताय?” तो गडबडला, खिशात हात घातला आणि नाव सांगून मोकळा झाला.

मग लालबी बोलू लागल्या. पहिली दोन नावं कापऱ्या आवाजात गेली. तिसऱ्यापासून त्यांचा आवाज सरळ मागांच्या खडखडाटावरून पलीकडच्या वस्तीत पोचला. मी इतकी अस्वस्थ होते की मांडवाला फेऱ्या मारत होते. प्रत्येक नावाला वाटायचं, आता जाणार, आता धूर येणार. अप्पा मात्र पेटीशेजारी मातीत बसून पुठ्ठ्याने तिला वारा घालत होते. वर बघत नव्हते. कुणी आलं, गेलं, कुणाकडेही नाही.

शेवटची कळशी पुकारून झाली. कर्णे उतरवले. तेवढ्यात फेटा बांधलेला एक शेतकरी आला. त्याने एकदा लालबींकडे पाहिलं, एकदा अप्पांच्या शर्टाकडे पाहिलं, आणि सरळ अप्पांपुढे उभा राहिला.

“काय ओ स्पीकरवाले, आवाज लई खणखणीत हाय तुमचा. पोरीचं लगीन हाय पुढच्या म्हयन्यात. येताव का कुंभारीला?”

अप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत.

“मी नोकर आहे,” ते म्हणाले. “मालकीण त्या. त्यांना विचारा.”

शेतकरी ओशाळून तिकडे वळला. लालबी कपाळावरचा घाम पुसत तारखेचं बोलू लागल्या. अप्पा उकिडवे बसून तार गुंडाळायला लागले. शर्टाची बाही काळी झाली होती आणि वेढे सैल पडत होते, घसरत होते. लालबी बोलता बोलताच आल्या, त्यांच्या हातातली गुंडाळी घेतली, सगळी उलगडली, तळव्यापासून कोपरापर्यंत पहिला वेढा घट्ट घालून दाखवला, आणि तार त्यांना परत दिली.

अप्पांनी दुसरा वेढा घातला.