आधी का नाही आणलंत?

"सांग ना रे डॉक्टरसाहेबांना, रात्री काय होतं ते!" ताईने धाकट्या भावाला कोपराने ढोसलं.

भाऊ वेल्डर होता. सोबतचा कामगार त्याच्या डोळ्यांदेखत उंचावरून पडून मेला, तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. या शहराची भाषा त्याला कामापुरती यायची. मनातलं सांगायला ती अपुरी पडायची.

"छातीत जाळ आहे," तो कसाबसा म्हणाला.

हॉस्पिटलातल्या त्या डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला. "हृदय ठणठणीत आहे. पित्ताची गोळी देतो."

"साहेब, हा एकटाच बडबडत बसतो. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवता का?"

डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता. हसणंही मायेचंच होतं, आणि ताईला पुढे राग आला तो त्याचाच. "अहो, तुमच्या लोकांना कशाला हवेत ते? तुमची घरं कशी भरलेली! शिवाय तुम्ही जात्याच कणखर. चार माणसांत बसवा त्याला."

भरलेलं घर! एका खोलीत ताई, नवरा, दोन मुली, शिलाई मशीन आणि हा. शिलाईच्या कामावर खाडा करून ती पुन्हा हॉस्पिटलात गेली. तेव्हा खिडकीतली बाई म्हणाली, "तुमच्या भाषेचा दुभाषी नाही. मिळाला की कळवू." कळवतंय कोण!

मग एका दुपारी भाऊ रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडू लागला, "वर बघा! माणूस पडतोय!" गाड्या खोळंबल्या. त्याने कुणाला बोटही लावलं नव्हतं. ताईच्याच गल्लीतल्या मास्तरांच्या मुलीने मागे असाच आकांत केला होता. ती इथलीच. तिच्यासाठी रुग्णवाहिका आली होती, नर्सने तिला पाठीवर हात फिरवत आत बसवलं होतं. भावासाठी पोलिसांची गाडी आली. चौघांनी त्याला पालथा पाडला आणि बेड्या घातल्या.

त्याला त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावरच्या कुलूपबंद वॉर्डात ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या, "आधी का नाही आणलंत? तुमच्या लोकांत हे लपवून ठेवतात. लाज वाटते ना!"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लाज? बाई, याच इमारतीत, खालच्या मजल्यावर मी हात जोडले होते. तेव्हा आमचे लोक कणखर होते. आता धोकादायक झाले. मग आजारी कधी होणार हो आमचे लोक?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी चौकशी करते," त्या पुटपुटल्या.

भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. मनगटांवर काळेनिळे वळ. आल्यापासून त्याने चकार शब्द काढला नव्हता. ताईने त्याला घरच्या नावाने हाक मारली. "बाळ्या."

दाराशी उभा असलेला रखवालदार खेकसला, "आम्हाला कळेल अशा भाषेत बोला!"

ताईने मान वळवली नाही. आवाज मात्र आणखी चढवला. "बाळ्या, उभं राहून राहून पाय मोडले माझे. इथे खुर्चीसुद्धा नाही मेली."

मग तोंड न वळवताच तो भिंतीकडे सरकला, आणि पलंगावर तिच्यापुरती जागा झाली.