साठ पावलं

कुणी "गाडी भारी पळते" म्हटलं की माझं डोकं सटकतं. भारी म्हणजे किती? शून्यावरून शंभरला किती सेकंदांत जाते आणि शंभरवरून किती मीटरमध्ये थांबते, एवढे दोन आकडे सांगा, नाहीतर गप्प बसा. नगरकडच्या एका टेस्ट ट्रॅकवर मी सात वर्षं गाड्या मोजल्या. आता परळीत टायरचं दुकान चालवतो, पण खोड जात नाही. या खोडीपायी आज भिवराबाई अंबाजोगाईच्या दवाखान्यात पायाला वजन बांधून पडली आहे, आणि तिचा नवरा सटवा पोलिसांना म्हणाला की चूक आपलीच.

चूक माझी आहे. कशी, तेच सांगायला बसलोय.

विजयसिंहांनी पुण्याहून लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार आणली. वडील राजकारणातले, पोरगा गाड्यांचा शौकीन. चारी टायर त्यांनी माझ्याकडून नवे बसवून घेतले आणि म्हणाले, "मिस्त्री, आता टेस्ट घ्या. खरा आकडा पायजे, यारदोस्तांना दाखवायचाय."

खरा आकडा म्हटल्यावर मी फुगलोच. सकाळी परळीबाहेरच्या नव्या रस्त्यावर गेलो. टायरची हवा मोजली, टाकी अर्धी ठेवली, एसी बंद केला. काचेला माझी पेटी चिकटवली. मोबाइलएवढीच आहे, पण उपग्रहावरून वेग आणि अंतर अचूक धरते. आमचे ट्रॅकवरचे साहेब म्हणायचे, एका दिशेची टेस्ट म्हणजे अर्धं खोटं. वारा असतो, उतार असतो, म्हणून जाऊन-येऊन मोजायचं. तसंच केलं. शंभरला जायला परळीकडे चार पूर्णांक आठ सेकंद, उलट दिशेला चार पूर्णांक नऊ. दोस्तमंडळींनी शिट्ट्या मारल्या.

मग ब्रेक. शंभरचा काटा लागला की पाय जीव खाऊन दाबायचा आणि गाडी उभी राहीपर्यंत सोडायचा नाही. परळीकडे जाताना छत्तीस मीटर. पुन्हा छत्तीस. मी विजयसिंहांकडे बघून मान डोलावली. गाडी फिरवली, परळीकडून येणाऱ्या बाजूला तेच केलं, आणि गाडी थांबेचना. घसरत गेली आणि पेटीवर अठ्ठावन्न आलं.

खाली उतरून रस्त्यावर बोट फिरवलं. राख. परळीच्या वीजकेंद्रातून राखेने भरलेले ट्रक याच बाजूने निघतात. ताडपत्रीतून सांडते ती रस्त्यावर पिठासारखी बसते. डोळ्यांना दिसतही नाही.

"अठ्ठावन?" विजयसिंहांचं तोंड उतरलं. मागून एक दोस्त म्हणाला, "टायर डुप्लिकेट दिसत्यात बे!"

माझ्या दुकानाचे टायर! मला ते लागलं. ट्रॅकवर आणखी एक नियम होता, तो मला बरोबर तेव्हा आठवला. रस्ता घाण असेल तर ती फेरी धरायची नाही, कारण आपण गाडी मोजतो, रस्ता नाही. नियम खराच आहे. मी पेटीतला अठ्ठावन्न पुसून टाकला आणि मोठ्याने म्हणालो, "दादा, छत्तीस. लिहून घ्या." सगळे खूश. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण मला तर गरजही नव्हती. होती ती नुसती शेखी.

तेवढ्यात सटवामामा आला. धनगर माणूस, शंभर-सव्वाशे मेंढरं. दिवाळीपासून रस्त्यापलीकडच्या रानात त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसलेला. मेंढरांना चारायला रोज रस्त्याच्या अलीकडे आणावं लागायचं. मधे चढाचा माथा आहे, परळीकडून येणारी गाडी माथ्यावर आल्याशिवाय दिसत नाही. म्हणून तो कोसभर खाली जाऊन ओढ्यावरच्या पुलाखालून मेंढरं काढायचा.

"मिस्त्री, तुझं मशिन लई हुशार म्हनत्यात," तो म्हणाला. "एक सांग. त्या माथ्यावरून गाडी आली अन् आमी दिसलो, तर ती किती पावलांत थांबती? ट्रकचं भ्या न्हाई, ते चढाला रांगत्यात. ह्या बारक्या गाड्याच एकदम येत्यात. पुलाचा वळसा लई पडतोय, कोकरं दमत्यात."

सगळे माझ्याकडे बघत होते. छत्तीस मीटर, त्याचं पाऊल पाऊण मीटरचं. मी बोटांवर हिशोब करून सांगितलं, "पन्नास पावलं, सटवामामा. एकही जास्त न्हाई."

त्याने विचारलं होतं माथ्यावरून येणाऱ्या गाडीबद्दल. माथ्यावरून येणारी गाडी राखेच्या बाजूने येते. हे मला त्या क्षणी कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. कळलं होतं. पण पुसलेला आकडा पुन्हा दोस्तांसमोर कोण काढणार? शिवाय पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी किती पुढे जाते, ते आम्ही टेस्टमध्ये धरतच नाही. सावध नसलेल्या माणसाचे तिथेच पंचवीस-तीस मीटर जातात. तेही मी बोललो नाही.

सटवामामाने माथ्यापासून पावलं टाकली. पन्नासवर न थांबता आणखी दहा टाकली आणि तिथे चुन्याने रंगवलेला दगड ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पुलाचा वळसा बंद झाला. भिवरामामी दगडापाशी माथ्याकडे तोंड करून, काठीला लाल फडकं बांधून उभी राहायची. तिच्या पाठीमागून मेंढरं पार व्हायची. मी दुकानाकडे जाताना दोनदा बघितलं. दोनदा हात केला आणि पुढे गेलो.

नवव्या दिवशी विजयसिंह परळीहून निघाले आणि माथ्यावर आले. त्यांनी ब्रेक दाबला, हे खरं. ठशांवरून दिसत होतं. गाडी घसरत आली ती मामीला घेऊन मेंढरांत घुसली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. अकरा मेंढरं गेली. विजयसिंहांनीच तिला त्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मला फोनवर ते रडत एवढंच म्हणत होते, "मिस्त्री, छत्तीसला थांबती म्हनला व्हतात ना?"

पंचनाम्याला मी हजर होतो. जमादाराने विचारलं, "रस्त्यात कावून उभं केलतं बाईला?" सटवामामा हात जोडून म्हणाला, "सायेब, माजीच पावलं चुकली. मोजाया चुकलो. पोराचा दोष न्हाई." जमादाराने ते लिहून घेतलं. मी तिथून दोन हातांवर उभा होतो, तो तसाच घरी आलो. त्या रात्री ताट तसंच सोडून उठलो. बायकोने विचारलं, तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाकडे निघालो तर सटवामामा माथ्यावर. एकटाच. माथ्यापासून दगडापर्यंत पावलं टाकत होता, मोठ्याने मोजत. अठ्ठावन, एकोणसाठ, साठ. परत माथ्यावर गेला. परत साठ. ट्रक हॉर्न मारत बाजूने गेले तरी त्याचं लक्ष नव्हतं.

मला बघून म्हणाला, "मिस्त्री, साठच भरत्यात की रं. मंग त्या दिवशी कशी चुकली?"

मोटारसायकल स्टँडवर लावायचंही भान राहिलं नाही. रस्त्याच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. राख, अठ्ठावन्न, पुसलेला आकडा, टायर, दोस्ताचा टोमणा. "तुमची पावलं बरोबर होती, मामा. माझा आकडा खोटा होता. सव्वाशे पावलं सांगायला पाहिजे होती."

वाटलं, काठी घालेल. घातली असती तर बरं झालं असतं.

तो खाली बसला. रस्त्यावरची राख बोटाने टिपून बघितली. "ती भीत हुती," तो म्हणाला. "म्हनली, लई जवळ वाटतंय. मी म्हनलं, मिस्त्रीनं पन्नास सांगितलीत, मी धा वरची धरलीत. भिऊ नको."

मग उठून म्हणाला, "जमादाराला नंतर सांग. आधी तिला सांग. म्या पळत जाऊन मेंढरं हाकलली असती तर वाचली असती, म्हनून ती सारखी रडती."

आम्ही दोघं माझ्याच मोटारसायकलवर अंबाजोगाईला गेलो. मामी खाटेवर होती, चेहरा पिवळा पडलेला. मी उभ्याउभ्याच बोललो, कारण बसायची हिंमत नव्हती. शेवटी म्हणालो, "मामी, माझ्याकडे दोन आकडे होते. मी चांगला तेवढा सांगितला."

तिने सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत. डोळे पुसले आणि एखाद्या लहान पोराला विचारावं तसं विचारलं:

"दोनी सांगायचे हुते की रं, बाबा. त्यातला कोनता धरायचा, ते काय आमाला कळलं नसतं?"