इसोएचे ताट

मी एक जुना लाखेचा चौरंग आहे, म्हणजे जेवण वाढून उचलून न्यायचे छोट्या पायांचे लाकडी ताट. डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर कात्सुजीची खानावळीसकटची सराय आहे, तिथे माझ्यावर पाहुण्यांचे जेवण वाढायचे. ज्या दिवशी कात्सुजीची बायको इसोए वारल्याचे कळले, त्या दिवशीही माझ्यावर जेवण वाढले होते.

इसोए सकाळच्या बसने तपासणीसाठी गावातल्या दवाखान्यात गेली होती. दुपारी साडेतीनला तिथून फोन आला. कात्सुजी तेव्हा माशांना मीठ चोळत होता. त्याने हात पुसून फोन घेतला, "हो, हो" म्हणाला, फोन ठेवला आणि उरलेल्या माशांना मीठ चोळले. मग त्याने तोमेला बोलावून सांगितले. तोमे ही इथली सर्वांत जुनी वाढपीण. ती खाली बसली.

"ऊठ," कात्सुजी म्हणाला. "चौदा पाने आहेत."

"मालक, तुम्ही जा. मी बघते."

"मासे कोण भाजणार? आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही. तीच म्हणायची ना, दारात आलेल्या पाहुण्याला आपल्या घरचं दुःख वाढायचं नाही."

त्या संध्याकाळी मला सारस नावाच्या खोलीत एका निवृत्त शिक्षकांपुढे मांडले. ते दर हिवाळ्यात येतात. त्यांनी सुपाच्या वाटीचे झाकण उघडले आणि विचारले, "आज मालकीणबाई दिसत नाहीत?"

"गावात गेल्यात," तोमे म्हणाली.

"तरीच. त्या आणतात तेव्हा सूप जरा जास्त गरम असतं."

तोमे हसली. तिने वाटी परत नेऊन सूप गरम करून आणले. सगळी जेवणे उरकल्यावर, चुली विझवल्यावर, कात्सुजी दवाखान्यात बायकोकडे गेला.

मित्रांनो, आता माझ्याविषयी थोडे सांगतो. कात्सुजीच्या आजोबांनी खालच्या खोऱ्यातल्या एका कारागिराकडून आम्हा वीस चौरंगांना घडवून घेतले. जंगली चेस्टनटच्या झाडाचे लाकूड चार वर्षे वाळवले, मग त्यावर लाखेचे सात हात दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत कारागीर घरात धूळ उडू देत नसे. माझ्या पोटाखाली तांबड्या रंगात अकरा हा आकडा आहे. डावीकडे भात, उजवीकडे सूप, मागे लोणचे, खारवलेली अळंबी, बांबूचे कोंब, मध्ये भाजलेला ओढ्यातला मासा. इतके सगळे अंगावर घेऊन मी हजारो वेळा जिना चढलो. लोकांनी माझी तारीफ केली. काही जण तर उपडे करून माझे पाय बघत.

मला उचलून नेणारे हात अडतीस वर्षे इसोएचे होते. ती लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून. ती मला पाण्यात कधी बुडवत नसे. कोमट फडक्याने पुसायची, मग कोरड्या फडक्याने. "ओला ठेवला की रुसतो हा," असे ती तोमेला सांगायची. मी रुसत नव्हतो, पण तिने तसे म्हटलेले मला आवडायचे.

स्वयंपाकघरात नवरा-बायकोची रोज जुंपायची.

"सूप निवलं की लोक मला नावं ठेवतात, तुला नाही."

"मग तुम्ही पळा जिन्यावरून. मी मासे भाजते."

"मालक पळायला लागले," तोमे मध्येच म्हणायची, "तर रात्रीचं जेवण पाहुण्यांना न्याहारीला मिळेल."

इसोए स्वतः जेवायची ती मोरीजवळ उभी राहून. पाने परत आली की त्यातले जे कुणी शिवले नसेल ते ती खायची. टोफूचा तुकडा, लोणच्याची फोड, माशाचे डोके, वर भाताच्या पातेल्यातली खरवड. हे सगळे चालू असताना दुसऱ्या हाताने ती वाट्या विसळत असे. अडतीस वर्षांत ती माझ्यापुढे गुडघे टेकून रोज बसली, पण वाढण्यासाठी. जेवायला एकदाही बसली नाही.

झाडांची लाल पाने गळून गेली आणि बर्फ अजून पडायचा असला की पाहुणे कमी असतात. दरवर्षी त्या दिवसांत कात्सुजी म्हणायचा, "यंदा एक दिवस बंद ठेवू. तू सारस खोलीत बस. मी करतो, मीच वाढतो."

"मी बसले की मला उठवणार कोण? हे गुडघे बघा."

"उठवीन मी. काय करू बोल."

"काहीही चालतं मला. आधी पाच नंबरच्या खोलीचा भात वर जाऊ दे."

तेवढ्यात कुणाचा तरी फोन यायचा, दोन खोल्या हव्या असायच्या, आणि तो दिवस पुढच्या वर्षावर जायचा.

इसोए वारल्यानंतर एकोणपन्नासाव्या दिवशी, मृताला निरोप देण्याच्या विधीच्या दिवशी, सरायीचे दार बंद राहिले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. पुजाऱ्याचे मंत्र झाले, नातेवाईक गेले. मग कात्सुजीने वीस चौरंगांतून मलाच का काढले ते मला ठाऊक नाही. बहुधा मी वरच होतो. त्याने मला पुसले, नको तितके ओले पुसले, आणि इसोएसाठी सारस खोलीत चांगल्या आसनापुढे ठेवले. काड्या मांडल्या. डावीकडे गरम भाताची वाटी ठेवली. मग तो उभाच राहिला.

त्या शिक्षकांना खेकडा चालत नाही, हे त्याला पाठ आहे. तांदूळवाल्याच्या आईला लोणचे बारीक चिरून लागते, हेही पाठ आहे. बारा वर्षांपूर्वी एकदाच आलेल्या जोडप्याला अळंबी नको होती, हेसुद्धा तो विसरलेला नाही. तो जिन्यापाशी गेला आणि त्याने तोमेला हाक मारली.

"तिला काय आवडायचं गं?"

तोमे वर आली. "मला विचारताय, मालक?"

"तू तिच्याबरोबर जेवायचीस ना."

"परत आलेलं खायचो आम्ही."

"ते माहीत आहे. त्यातलं आवडायचं काय?"

तोमे आसनाशेजारी टेकली. "माशाची डोकी आवडीने खायच्या. पण डोकीच परत यायची, मालक. आवडायची म्हणून खायच्या की होती म्हणून, ते मी नाही सांगू शकत."

"मी दरवर्षी विचारायचो."

"मग?"

"काहीही चालतं म्हणायची."

"आणि तुम्ही?"

"बरं म्हणायचो."

तोमेने काड्या सरळ केल्या. तिला पुष्कळ बोलता आले असते. भाताची वाफ विरली. संध्याकाळी तिने तो निवलेला भात खाली नेला.

याला आता दोन वर्षे झाली. पाहुण्यांचे गुडघे दुखतात म्हणून खाली टेबल-खुर्च्या आल्या. माझे एकोणीस भाऊ जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून कोठीत पडले आहेत. मी सारस खोलीत एकटा आहे. ही खोली कुणाला देत नाहीत. तारीफ करणारे कुणी येत नाही. लाखेला माणसाचा हात लागत राहावा लागतो. हात लागला नाही की ती कोरडी पडते आणि कडेने तडकते. माझ्या दोन कडा तडकल्या आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे मी म्हणायला हवे. पण माझे मला फारसे वाटत नाही. तुमच्या घरी जे माणूस सगळ्यांना वाढून मागून जेवते, त्याला काय आवडते ते आजच विचारा. "काहीही चालतं" म्हणाले, तर ते उत्तर घेऊ नका. पुन्हा विचारा. चिडले तरी विचारा. कात्सुजीने ते उत्तर मानून घेतले, आणि तो वाईट माणूस नव्हता.

तो अजून कधीतरी वर येतो, माझ्यापुढे बसतो आणि खाली जातो. तिच्यासाठी काय रांधायचे ते त्याचे ठरलेले नाही. इसोएचे जेवण वाढायचे राहिले आहे.