डाव्या दाराचा आरसा

पांढुर्ण्यात माह्या बोलन्यावर कोनी भरोसा ठेवत नाई, अन् त्याईचं बरोबर हाय. स्टेशनासमोरच्या हाटेलवाल्या सुरेशले मी एकदा सांगतलं का इंजिन बिघडलं, गाडी आज अर्धा घंटा थांबते. त्यानं दोन घमेले भजे तळले. गाडी दोन मिनटात निघून गेली. ते भजे मंग मीच त्याच्यासमोर बसून खाल्ले, वरून म्हनलं का मीठ कमी हाय. चव्वेचाळीस वर्षाचा मानूस मी, गुनवंता, ट्रकाची दारं ठोकनं अन् पत्रा सरळ करनं हा धंदा, पन खोडी काढल्याबिगर जेवन जात नसे.

त्र्याऐंशी साली, होळीच्या आठ दिवस आधी, नत्थूजी ट्रक घेऊन माह्या गॅरेजवर आले. ट्रक सौंसरच्या बापूजीचा, ते संत्र्याचे व्यापारी. छप्पन सालचा नाकवाला ट्रक, फौजेच्या लिलावातून घेतलेला. नत्थूजी त्याच्यावर अठरा वर्षापासून डायवर. येरवी ते फाटकातून शिरले का मी काहीतरी काडी करोच. त्या दिवशी मी मुंडी खाली घालून पत्रा ठोकत राहिलो.

कारन सांगतो. त्या ट्रकाले आरसा एकच, उजव्या दाराले. डावीकडचं अन् मांगचं सारं क्लिनरच्या हातावर. गाडी मांगं घ्याची असली का क्लिनर पाठीमांगं उभा राहून ट्रकाच्या फळीवर थाप मारे. दोन थापा म्हनजे येऊ द्या. एक थाप म्हनजे थांबा. इंजिनाच्या आवाजात बोललेलं काही आइकू येत नाई, पन थाप लाकडातून पत्र्यात अन् पत्र्यातून शिटेपर्यंत येते. डायवर ते कानानं नाई, पाठीनं आइकते.

नत्थूजीचा क्लिनर कवडू. चाळिशीचा गडी, दोघं अठरा वर्षं एका डब्यात जेवले. चार महिन्याआधी, संत्र्याच्या आंबिया बहारात, सौंसरले माल भरनं चालू होतं. मी बोनटचं झाकन ठोकाले तिथं गेलो होतो. ट्रक मांगं येत होता, रिकाम्या पेट्याईच्या थप्पीकडं. कवडू डाव्या कोपऱ्यावर, मी उजव्या कोपऱ्याच्या आतल्या अंगाले, आरशात न दिसन असा, संत्र सोलत उभा. कवडूनं थाप मारली. एक. मले वाटलं, अजून हातभर येऊ द्या ट्रकाले, थप्पी धडाधडा पडन, नत्थूजी शिव्या देतीन, मजा येईन. म्हून त्याच्या थापेच्या मांगं लगेच मीबी एक मारली.

एक कवडूची, एक माही. शिटेवर पोचल्या त्या दोन.

अन् कवडू, थांबा म्हनून सांगून झालं होतं म्हून, चाकाखाली दगड लावाले वाकला होता.

नागपूरले त्याचा पाय गुडघ्याखालून कापला. पोलिसाईनं इचारलं तर त्यानं डायवरच्या नावानं रपट लिहून देली नाई, पन एकच थाप मारली हे तो सोडत नव्हता. नत्थूजी म्हनत मले दोन आल्या. गावानं ठरवलं का नत्थूजीले कमी आइकू येते. चार महिने दोघं एकमेकाचं तोंड पाहत नव्हते. दोघंबी खरं बोलून राहिले हे फक्त मले मालूम होतं, अन् मी पत्रा ठोकत होतो.

नत्थूजी उतरले. अंगानं अर्धे झाले होते. बापूजीनं सांगतलं होतं का डाव्या दाराले आरसा लावा, तो लावूनबी गाडी चालवनं जमत नसन तर चावी देऊन टाका. बापूजी वाईट मानूस नाई, पन त्याईच्या घरातबी कानाची गोष्ट पोचली होती.

मी म्हनलं, दोन भोकं पाडाची हायत, अंदाजानं पाडून देतो. नत्थूजीनं शिटेखालच्या पेटीतून एक घडी घातलेला कागद काढला. ट्रकासोबत लिलावातून आलेला, कारखान्याचा. घडीवर फाटलेला, तेलानं पिवळा झालेला.

"अंदाज नको, गुनवंता. याच्यात लिहिलं हाय तिथंच पाड."

कागद इंग्रजीत, पन आकडे वाचाले इंग्रजी लागत नाई. दाराचं चित्र होतं, कब्जाच्या, म्हनजे बिजागरीच्या, कडेपासून बान काढलेले, काचेखालच्या पट्टीपासून बान काढलेले. इंच अन् इंचाचे तुकडे. आमच्या धंद्यात इंचाचे आठ सूत, म्हून मी सारे तुकडे सुतात करून पाटीवर लिहून काढले. डाव्या दाराले भोक कब्जापासून चार इंच दोन सूत मांगं. उजव्या दाराले एक इंच चार सूत. उंची दोन्हीकडं सारखी, दोन भोकाईच्या मधात तीन इंच सहा सूत.

मी खडूनं डाव्या दारावर चार इंच दोन सुतावर निशानी केली. पंच हातात घेतला, अन् थांबलो. काहीतरी उलटं वाटत होतं. उजव्या दाराचा जुना आरसा मोजून पाह्यला, कारखान्यानंच बसवलेला. तो चार इंच दोन सुतावर. कागदावर तर उजवीकडं दीड इंच.

पुन्हा चित्र पाह्यलं. मंग ध्यानात आलं. चित्रातलं स्टेरिंग डावीकडं होतं. कागद परदेशातला, तिथं डायवर डाव्या हाताले बसते. त्याच्या डाव्या दाराचं माप म्हनजे आपल्या उजव्या दाराचं. जवळचा आरसा मांगं बसते, दूरचा समोर सरकवा लागते, नाईतर डायवरले त्याच्यात आपलंच दार दिसन.

नत्थूजीले हे समजावून सांगतलं तर ते कागदाकडं पाहत राहिले. म्हनले, म्हनजे कागद खोटा नाई अन् आपली मोजनीबी खोटी नाई. मी म्हनलं नाई, फक्त बसनारा दुसऱ्या बाजूले हाय. माह्या हातातला खडू घामानं ओला झाला.

जुनी निशानी पुसली. दीड इंचावर नवी केली. पुठ्ठ्याचा फर्मा कापला, पंच मारला, हातड्रिलनं दोन्ही भोकं पाडली, कडा कानशीनं घासल्या, दांडी कसली. माह्या हातून इतकं सरळ काम कधी झालं नसन. कुठंबी गंमत केली नाई.

नत्थूजी शिटेवर चढले. मले म्हनले, मांगं जाऊन उभा राह्य, कवडू उभा राहे तिथं.

मी डाव्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. आरसा थोडा वळव, अजून थोडा, असं स्वतःशीच म्हनत त्याईनं दर वेळी डाव्या खिडकीपर्यंत सरकून तो बसवला. मंग खिडकीतून आवाज आला का तू टोपीपासून चपलेपर्यंत दिसून राहिला. मले वाटलं काम झालं. पन त्याईनं मले फळीच्या मांगं, आरशात दिसनार नाई असं उजवीकडं सरकाले सांगतलं, इंजिन चालू केलं अन् खिडकीतून हात लांब काढून बोटं हलवली. थाप मार. कितीबी मार, किती मारल्या ते मी सांगतो.

मी एक मारली. खिडकीतून एक बोट वर आलं. दोन मारल्या, दोन बोटं. पुन्हा दोन, दोन. पुन्हा एक, लई हळू, दोन बोटाईनं मारल्यासारखी. एक बोट. आठ-दहा वेळा झालं. एकदाबी चुकलं नाई.

इंजिन बंद झालं. नत्थूजी खाली उतरले अन् मडगार्डाले टेकून उभे राहिले. चार महिन्यात पहिल्यांदा त्याईचं तोंड उजळलं होतं.

"कान बरे हायत माहे," ते म्हनले. "म्हनजे कवडू खोटं बोलून राहिला."

ते बोलत राहिले, हळूहळू, जसं स्वतःशीच. दोन मारल्या असतीन त्यानं अन् चूक झाकाले एक सांगत असन. अठरा वर्षं त्याच्या हातावर भरोसा ठेवून गाडी मांगं घेतली. रात्री झोप येत नव्हती का आपन त्याचा पाय घेतला, अन् त्यानंच... आता सौंसरले जातो, त्याच्या दारात उभा राहतो, त्याच्या बायकोच्या, अंबाबाईच्या समोर सांगतो, साऱ्या मोहल्ल्याले आइकू जाईन असं सांगतो.

ते शिटेवर चढाले निघाले. तेव्हा मी सांगतलं. तिथंच, दाराची दांडी धरून, सारं. संत्र, थप्पी, माही थाप.

नत्थूजीनं माह्याकडं पाह्यलं अन् मान हलवली.

"मी सुरेश नाई, भजे तळाले," ते म्हनले.

मी शपथ घेतली. ते म्हनले तुह्या शपथा मोजल्या तर रिकाम्या पेट्या पुरनार नाईत. मंग थोडे नरमले. त्याईले वाटलं मी कवडूले वाचवाले आंगावर घेऊन राहिलो. खांद्यावर हात ठेवून म्हनले, दिलदार हाय तू, पन खोट्यानं कोनाचं भलं होत नाई. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो अन् समोरच्यानं माही पाठ थोपटली.

मी त्याईच्या बाजूले जाऊन बसलो. म्हनलं, मलेबी न्या.

सौंसरपर्यंत नत्थूजी दर थोड्या वेळानं डाव्या आरशात पाहत, मांगं काही नसलं तरी.

कवडू घरासमोर पोत्यावर बसून संत्र्याच्या पेट्याईले खिळे ठोकत होता. बापूजीनं देलेलं बसल्या जागचं काम. कापलेल्या पायावर लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. ट्रकाचा आवाज त्यानं वळखला असनच, पन मुंडी वर केली नाई. अंबाबाई बाहेर आली. पान्याचा लोटा आनला अन् माह्यासमोर ठेवला. नत्थूजीले इचारलंबी नाई.

नत्थूजीनं तोंड उघडाच्या आधी मी कवडूच्या समोर बसलो. म्हनलं, त्या दिवशी तू किती थापा मारल्या.

"एक," कवडू म्हनला. खिळा ठोकत राहिला.

"मीबी एक मारली. तुह्या मांगोमांग, उजवीकडून. गंमत म्हून."

हातोडी थांबली. अंबाबाई दारातच उभी राहिली. कवडूनं माह्याकडं पाह्यलं, लई वेळ. मले वाटलं हातोडी फेकून मारन. मारली असती तर बरं झालं असतं. पन त्यानं हातोडी बाजूले ठेवली, खिळे ठोकलेली पेटी आमच्या मधात ओढली, अन् नत्थूजीले म्हनला, जरा तिकडं तोंड करा, किती थापा ते बोटानं दाखवा. चार महिन्यानं तो त्याईच्याशी बोलला ते हे.

नत्थूजी रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

कवडूनं पेटीवर थाप मारली. एक. अन् माह्याकडं पाह्यलं. माहा हात उठेना. थोडं थांबून त्यानं पुन्हा पेटीवर मारली, अन् या बारी त्याच्या मांगोमांग मीबी मारली.

नत्थूजीनं पाठमोऱ्यानंच दोन बोटं वर केली. ती बोटं तशीच वर राहिली. मंग हात हळूच खाली आला.

ते वळले तेव्हा त्याईचं तोंड पाहाले मी थांबलो नाई, खाली पाह्यलं. ते येऊन पोत्याच्या कडेवर, कवडूच्या बाजूले बसले. कवडू एकदा म्हनला का आता मालूम झालं तर काय, पाय येते का. ते मले म्हनला का नत्थूजीले, समजलं नाई. नत्थूजी त्या लुगड्याच्या तुकड्याकडं पाहत बसले, जसा त्याईनं तो आधी पाह्यलाच नव्हता. खरंच पाह्यला नव्हता.

अंबाबाई आली. माह्यासमोरचा लोटा उचलला. मी पानी पेलो नव्हतो. तो लोटा तिनं नत्थूजीसमोर नेऊन ठेवला.

मी उठून गल्लीत, ट्रकाच्या मांगं जाऊन उभा राहिलो. गल्ली बारीक, ट्रक मांगं घेऊनच काढा लागे. बऱ्याच वेळानं नत्थूजी आले, माह्याकडं न पाहता शिटेवर चढले, इंजिन चालू केलं. ट्रक मांगं येऊ लागला. मी डाव्या कोपऱ्यावरच होतो. सवयीनं माहा हात थाप माराले वर गेला.

मारली नाई.

ट्रक माह्यापासून हातभर अंतरावर आपोआप थांबला. आरशात मले त्याईचे डोळे दिसले, म्हनजे त्याईले मी दिसतच होतो, टोपीपासून चपलेपर्यंत. दीड इंच बरोबर होतं. मी बाजूले सरकाची वाट पाहत ते थांबले. हार्न नाई, हाक नाई. मी सरकलो. ट्रक मोठ्या सडकेले लागला अन् पांढुर्ण्याकडं न जाता संत्र्याच्या मंडीकडं वळला.

मी मोटार स्टँडाकडं निघालो. वाटेत बापूजीचा मुनीम भेटला, म्हनला काय गुनवंता, आज कोनाले बनवलं. मी म्हनलं कोनालेच नाई. तो हसत हसत निघून गेला.