तेलातला चुरा

मित्रांनो, मी हवाई दलाचे एक जुने शिकाऊ विमान आहे. आहे म्हणायचे एवढेच. माझा डावा पंख मुळापासून तुटला आहे, नाक आत दबले आहे आणि आष्ट्याच्या पलीकडच्या माळावर एका पत्र्याच्या शेडमध्ये मी कुशीवर पडलो आहे.

माझ्यात दोनच माणसे बसायची, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. शिकणारी पोरे घाबरत, मला धावपट्टीवर दाणकन आपटत. मी सोसायचो. वाईकडचे उदयसिंह माझ्यावरच उडायला शिकले. आकाराम मात्र कधी माझ्यात बसला नाही. जतकडच्या मेंढपाळाच्या घरातून तो हवाई दलात मेकॅनिक म्हणून आला होता. रोज पहाटे माझे इंजिन तपासायचे, मला आकाशात सोडायचे आणि मी परत येईपर्यंत मान वर करून उभे राहायचे, हे त्याचे काम.

पुढे नवी विमाने आली. मला सेवेतून काढून एका शाळेच्या फाटकाशी चौथऱ्यावर बसवले. पोरे खडे मारायची, पंखाखाली कबुतरे घरटी करायची. तुम्हाला वाटेल, तो माझा वाईट काळ. मलाही तेव्हा तसेच वाटायचे. आता वाटते, तिथेच राहिलो असतो तर बरे झाले असते.

निवृत्त झाल्यावर उदयसिंहांनी मला शोधून काढले. या माळावर एक जुनी खाजगी धावपट्टी होती, तिथे त्यांनी मला आणले आणि आकारामला बोलावून घेतले. म्हातारा आकाराम मला बघताच जवळ आला. नुसता पंखावरून हात फिरवत राहिला.

मला पुन्हा उभे करायला वर्षे गेली. माझे भाग बनवणे कधीच बंद झाले होते. मला जाणणारी बहुतेक माणसे देवाघरी गेली होती. न वापरताही रबर वाळून तडकते, पत्र्याला आतून गंज चढतो. माझ्याच जातीच्या, भंगारात निघालेल्या विमानांचे अवयव काढून मला बसवले. मिरजेची रुक्सार इंजिनिअर म्हणून येऊ लागली. सतारी बनवणाऱ्यांच्या घरातली ही मुलगी विमानदुरुस्ती शिकली होती. तिने सही केल्याशिवाय मी उडायचे नाही, असा नियम होता.

पहिल्यांदा उडालो त्या दिवशी खाली कृष्णा चमकत होती. मित्रांनो, त्या दिवशी मीही फसलो. मला वाटले, मी तरुण झालो.

गेल्या हिवाळ्यात माळावर माजी सैनिकांचा मेळावा ठरला, त्यात मला उडायचे होते. आदल्या दिवशी रुक्सारने माझे तेल गाळले. फडक्यावर बारीक, चमकणारा चुरा उरला. इंजिनाच्या पोटात धातूवर धातू घासत होता. मला ते कळत होते. प्रत्येक फेऱ्याला आत काहीतरी खरवडले जायचे. पण सांगणार कशाने?

ती म्हणाली, इंजिन पूर्ण उघडावे लागेल, आतले भाग परदेशातून मागवावे लागतील. मिळतील की नाही, तेही तिला ठाऊक नव्हते.

आकारामने फडके हातात घेतले. "पोरी, उगं घाबरू नगंस," तो म्हणाला. "जुनं इंजिन हाय, एवढातेवढा चुरा येतोयच. मी ह्याला काय आजपास्नं वळखत न्हाई."

"काका, तुमचा जीव आहे त्याच्यावर," रुक्सार म्हणाली, "म्हणून तुम्हाला हा चुरा थोडा दिसतोय."

तिने सही केली नाही. माझ्या नाकावरच्या पंख्याला, उडायचे नाही या खुणेची, लाल फीत बांधली.

उदयसिंहांचा विमान उडवण्याचा परवाना त्या महिन्यात संपणार होता. त्यांच्या वयाला तो पुन्हा मिळणार नव्हता. मेळाव्याच्या सकाळी साताऱ्याकडच्या गावांतून म्हातारे सैनिक छातीवर पदके लावून आले आणि खुर्च्यांवर बसून माझ्याकडे बघत राहिले. उदयसिंहांनी स्वतःच्या हाताने फीत सोडली. रुक्सार आडवी आली. एकच फेरी मारतो, असे सांगून त्यांनी तिला बाजूला केले. मग त्यांनी आकारामकडे पाहिले.

"जन्मभर खालीच उभा राहिलास. आज बस."

आकाराम लहान मुलासारखा हसला आणि मागच्या जागेत चढला.

चाके जमिनीवरून उठली. झाडांच्या उंचीला गेलो आणि इंजिन आतून आवळून जाम झाले. पंखा थांबला. पुढे वस्ती होती. उदयसिंहांनी मला माघारी वळवायचा प्रयत्न केला, पण तेवढा वेग माझ्यात उरला नव्हता. माझा डावा पंख खाली झुकला आणि आम्ही तिघे उसात पडलो.

उदयसिंह वाचले, पण त्यांचे पाय गेले. आकाराम मिरजेच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको बनाबाई माळावर आली. रुक्सारने तिला धरून आणले होते. बनाबाई माझ्या चेपलेल्या नाकाशी उभी राहिली. तिने शिवी दिली असती तर मला सोसले असते.

"लेकरावानी जपलं ह्याला," ती म्हणाली. "ह्याला तरी काय म्हणायचं? ह्याला कुठं काय कळतंय."

मित्रांनो, मला कळत होते.

त्यानंतर रुक्सार पुन्हा आली नाही. आता उदयसिंह चाकाच्या खुर्चीतून येतात. त्यांच्याबरोबर नवी, उत्साही माणसे असतात. आकारामच्या नावाने मला पुन्हा उडवायचे, असे ठरले आहे. दुसऱ्या एका मेलेल्या विमानाचे इंजिन सापडले आहे म्हणे.

तुम्हाला जुन्या वस्तूंची माया असेल, तर त्यांना सावलीत ठेवा, पुसा, लेकरांना दाखवा. पण त्यांच्याकडून पुन्हा तारुण्य मागू नका.

आज सकाळी त्या माणसांनी माझा चिखल धुऊन काढला. फार हळुवार हात होते त्यांचे. आकारामचेही तसेच होते.